पार्श्वभूमी: चित्र आकड्यांत कसं उतरलं?

डिजिटल फोटोग्राफीचा इतिहास बहुतेक जण कोडॅकच्या १९७५ सालच्या कॅमेऱ्यापासून सांगू लागतात. मला ती सुरुवात अपुरी वाटते. त्याच्या १८ वर्षं आधी, १९५७ मध्ये, अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये उतरवला होता. जेमतेम १७६ बाय १७६ ठिपके, पण चित्र आकड्यांत मांडता येतं हे तिथं दिसलं.

प्रकाश थेट टिपणारी चिप आली १९६९ मध्ये, तीही मेमरीचा नवा प्रकार शोधताना. बेल लॅब्जच्या विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांची ही ‘सीसीडी’. प्रकाश पडेल तसा तिच्या प्रत्येक बारीक खणात विद्युतभार साठतो. आग विझवताना माणसं हातोहात बादल्या पुढे देतात, तसा तो खणाखणातून कडेला नेऊन मोजला जातो. या कामाला २००९ मध्ये नोबेल मिळालं.

याच प्रकारची चिप घेऊन फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं १९७५ मध्ये सुमारे ३.६ किलोचा कॅमेरा जोडला. फोटो १०,००० पिक्सेलचा, कृष्णधवल. तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत आणि पाहायला टीव्ही. कंपनीनं १९७८ मध्ये पेटंट मिळवलं, पण तिचा सगळा धंदा फिल्मवर चालत होता. हा कॅमेरा बाजारात आला नाही.

त्याच कंपनीतल्या ब्राइस बेयर यांचं काम मात्र मला याहून मोठं वाटतं, आणि त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. सेन्सरला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपला, रंग कळत नाही, फक्त उजेड किती ते कळतं. बेयर यांनी त्यावर रंगीत फिल्टरची जाळी बसवली. दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरवा दुप्पट, कारण डोळा बारकावे हिरव्यातच जास्त टिपतो. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून हिशेबानं काढले जातात. म्हणजे रंगीत फोटोतले दोन तृतीयांश आकडे मोजलेले नसतातच! पेटंट १९७६ चं.

१९८१ च्या सोनी माविका या कॅमेऱ्याला पुष्कळदा डिजिटल म्हटलं जातं, ते चूक आहे. फ्लॉपी होती, पण तिच्यावर आकडे नव्हे, ॲनालॉग व्हिडिओ सिग्नल साठत. व्यावसायिक छायाचित्रकारांच्या हाती डिजिटल आलं १९९१ मध्ये, निकॉन एफ३ या फिल्म कॅमेऱ्याला जोडलेल्या कोडॅकच्या १.३ मेगापिक्सेल संचातून. त्याची हार्ड डिस्क वेगळी खांद्याला लटकवावी लागे. पुढच्याच वर्षी फोटोची फाइल आकुंचित करून साठवण्याचं जेपेग हे मानक ठरलं. त्यामागचं गणित नासिर अहमद आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं.

आजच्या फोनमधल्या कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र अंतराळाच्या गरजेतून आला. यानावर वजन आणि वीज वाचवायची म्हणून नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांनी १९९० च्या दशकात ‘सीमॉस’ सेन्सर विकसित केला. यात प्रत्येक पिक्सेलजवळच सिग्नल वाढवणारा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, त्यामुळे विद्युतभार दूरवर वाहून न्यावा लागत नाही. शिवाय तो नेहमीच्या चिप बनतात त्याच पद्धतीनं बनतो. आज फोनच्या कॅमेऱ्यात हाच सेन्सर असतो, आणि बहुतेकदा त्याच्यावर बेयर यांचीच जाळी, किंवा तिचाच एखादा नवा अवतार.