जंतू नसलेला ताप

गेल्या ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत निफाडजवळ मामाचा ट्रॅक्टर बांधावरून कलंडला. मांडीचं हाड मोडलं, मांसाचा चेंदा झाला. पण कातडी कुठे फाटली नव्हती. नाशिकला आणून दवाखान्यात ठेवलं. ऑपरेशन व्हायच्या आधीच अंगात १०२ ताप, नाडी पळतेय, धाप लागलेली. डॉक्टरांनी रक्त कल्चरला पाठवलं. रिपोर्टात लिहून आलं, जंतूंची वाढ नाही. मामी जिन्यात मला गाठून म्हणाली, “जंतूच नाही म्हणत्यात, मंग ताप कशाचा रे?”

हाच प्रश्न अपघाताच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या सर्जनांना अनेक वर्षं छळत होता. जबर मार लागलेल्या माणसाचं शरीर कधीकधी अगदी सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून शरीर बिथरणं, झाल्यासारखं वागतं. आतड्यातले जीवाणू रक्तात झिरपत असावेत, असा एक तर्क होता. पण रक्तात जीवाणू शोधायला जावं, तर ते सापडायचे नाहीत. बॉस्टनचे सर्जन कार्ल हाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच वस्तू शोधली आणि २०१० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली. जखमींच्या रक्तात रुग्णाच्याच तंतुकणिकांचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा, डीएनए निरोगी माणसाच्या कितीतरी पट वाढलेला होता. चेंगरलेल्या पेशी फुटल्या आणि आतला माल रक्तात सांडला. तंतुकणिकांचा हाच चुरा त्यांनी उंदरांच्या जातीतल्या मोठ्या प्राण्यांना, घुशीएवढ्या रॅट्सना, टोचला तेव्हा त्यांच्या फुफ्फुसांना सूज आली. जंतू एकही नव्हता.

शाळेत आपण ‘तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाघर’ असं घोकलेलं असतं. नाशिकच्या पोराला ऊर्जाघर म्हटलं की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी आठवतात. गाडी तिथेच अडते. ऊर्जाघर सांडलं तर वीज जाईल. ताप कशाला येईल?

त्याचं कारण फार जुनं आहे. तंतुकणिका ही मुळात आपली नव्हेच. दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी एका पेशीत एक जीवाणू शिरला आणि तिथलाच होऊन राहिला. टायफसचा ताप आणणारा रिकेट्सिया हा जीवाणू त्याच्या नात्यातला. जीवाणूच तंतुकणिका झाला, ही कल्पना जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली नेटाने मांडली, तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर तंतुकणिका म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिलेलं कूळ. तिची बहुतेक जमीन, म्हणजे जनुकं, काळाच्या ओघात मालकाच्या म्हणजे केंद्रकाच्या खात्यावर चढली. तरी स्वतंत्र सातबारा अजून शाबूत आहे : १६,५६९ अक्षरांचा, जीवाणूंसारखा गोल डीएनए आणि त्यावर माणसात ३७ जनुकं. ३७ गुंठेच म्हणा ना.

कुळाने घर आपलंसं केलं, पण लकबी जुन्याच राहिल्या. जीवाणू प्रथिन बनवायला घेतात तेव्हा पहिल्या कडीला फॉर्मिल नावाचा बारीक रासायनिक तुकडा चिकटवतात. तंतुकणिकाही तेच करतात. आपल्या पेशीचा उरलेला कारखाना करत नाही. रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी (गळवातला पू हा बराचसा त्यांच्याच मढ्यांचा असतो) फॉर्मिलचा वास काढत जीवाणूच्या मागे धावतात. दुसरी खूण डीएनएवर. केंद्रकातल्या डीएनएवर ठरावीक जागी मिथाइल नावाच्या रासायनिक तुकड्याचे शिक्के मारलेले असतात, जीवाणूंकडे त्या जागा बहुधा कोऱ्या. तंतुकणिकांकडेही कोऱ्या. तंतुकणिका पेशीच्या आत, दुहेरी पडद्याआड आहेत तोवर कुणी विचारत नाही. पेशी वय होऊन रीतसर मरते तेव्हाही तिचा सगळा पसारा घडी घालून, गुंडाळून उचलला जातो. पण ट्रॅक्टरखाली घडी घालायला वेळ नसतो. पहारेकऱ्यांना दिसतात त्या फक्त दोन परक्या खुणा, आणि ते तुटून पडतात.

मामीला मी एवढंच सांगितलं, की मामाच्याच मांसातलं काहीतरी रक्तात उतरलंय आणि शरीराला ते जंतूसारखं वाटतंय. डॉक्टरांनी अँटिबायोटिक मात्र बंद केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. कल्चर कोरं आलं म्हणून संसर्ग नाहीच, अशी खात्री कुणी देत नाही. जाता जाता : क्षयरोगात दिलं जाणारं लिनेझोलिड महिनोन्‌महिने घेतलं, तर हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. कारण पुन्हा हेच नातं. जीवाणूचा प्रथिन बनवणारा कारखाना बंद पाडणारं औषध तंतुकणिकेतल्या तशाच कारखान्यालाही थोडं लागतं.

आता वाटेल, हे कूळ म्हणजे नुसती डोकेदुखी. तसं नाही. २००५ साली अमेरिकेत डॅलसला झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेला एक प्रथिन सापडलं. पेशीत फ्लूसारखा विषाणू शिरला, की धोक्याची वर्दी याच प्रथिनामार्फत पुढे जाते, आणि ते बसतं कुठे, तर तंतुकणिकेच्या बाहेरच्या पडद्यावर! एकलहऱ्याच्या कुंपणावर पोलीस चौकी. हेपटायटिस सी च्या विषाणूला ही जागा बरोबर ठाऊक आहे; तो हे प्रथिन कापून चौकीच पडद्यावरून सोडवतो. वर्दी खुंटते.

येल विद्यापीठातल्या वेस्ट आणि शॅडेल यांचं २०१५ सालचं काम मला याहून गमतीचं वाटतं. तंतुकणिकेवर ताण आला, तिचा थोडा डीएनए पेशीच्या आतच पाझरला, तर पेशी विषाणूशी लढायला आधीच सज्ज होते, असं त्यांना दिसलं. म्हणजे थोडी गळती कामाची, धो धो गळती घातक. ‘तंतुकणिका बळकट करा’ म्हणून गोळ्यांच्या डब्या विकणाऱ्यांच्या जाहिरातीत हा तोल कुठे बसतो, देव जाणे.

मामा महिन्याभरात घरी आला. जानेवारीत गेलो तेव्हा काठी टेकत बागेत फिरत होता. द्राक्षाच्या पानावर भुरी या बुरशीची पांढरी पूड होती आणि बांधावर अझॉक्सिस्ट्रोबिन या बुरशीनाशकाची बाटली. मी म्हटलं, हे औषध बुरशीच्या तंतुकणिकेतला श्वास कोंडतं.

“ते मला नको सांगू,” मामा म्हणाला. “हंगामात दोनदाच मारायचं. सारखं मारलं का भुरी निगरगट्ट होती.”

खरं होतं. भुरीला ज्याने बळ येतं तो बदल एका अक्षराचा, आणि तो तिच्या केंद्रकात नव्हे, तंतुकणिकेच्या त्या वेगळ्या सातबाऱ्यावर होतो. हा बदल ज्या जनुकात होतो, ते माणसाच्याही ३७ गुंठ्यांत आहे. हे सांगितलं तसं मामाने पान उलटं करून पाहिलं, मग स्वतःच्या मांडीवर हात ठेवला.

“म्हंजे हितून जे सांडलं, त्याचाच भाऊबंद हितं बसलाय का?”