सलग नसलेली मेमरी

सलग नसलेली मेमरी : रॅमचे तुकडे मध्ये पोकळ्या सोडून बसलेले असताना त्यांचा हिशेब ठेवण्याची लिनक्सच्या कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) सोय. वापरून-सोडून मेमरीची जी चाळण होते, ती वेगळी. इथली भोके हार्डवेअरच्या रचनेतच असतात.

लिनक्स रॅमची पाने, म्हणजे सारख्या मापाचे छोटे भाग, पाडतो, बहुधा ४ किलोबाइटची. प्रत्येक पानामागे एक नोंद असते. ६४-बिट यंत्रांवर ती साधारण ६४ बाइटची. जुनी ‘फ्लॅटमेम’ पद्धत या नोंदी एकाच सलग वहीत मांडते. पानाचा क्रमांक कळला की नोंद झटकन सापडते, पण पोकळीच्याही ओळी वहीत अडकतात. सोलापुरात सिद्धेश्वर तलावावरूनही सलग घरक्रमांक टाकत गेले, तर घरपट्टीच्या रजिस्टरात तलावापुरती पानेच्या पाने कोरी राहतील, तसेच हे. प्रोसेसरची रचना करणाऱ्या आर्म कंपनीच्या जूनो बोर्डावर रॅमचा एक तुकडा २ ते ४ गिगाबाइटच्या पत्त्यांत असतो आणि पुढचा थेट ३४ गिगाबाइटपासून. मधल्या ३० गिगाबाइटच्या ‘तलावा’साठी सपाट वही ४८० मेगाबाइट खाईल.

१९९९च्या सुमारास आलेल्या ‘डिस्कंटिगमेम’ने प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वही दिली. वही नोडच्या नावावर असे. नोड ही कल्पना मुळात नुमा यंत्रांची, म्हणजे प्रोसेसरला काही रॅम जवळची आणि काही लांबची असते अशांची. पण एम६८के (मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातील प्रोसेसरच्या) यंत्रांवर नुमा नसतानाही नुसत्या तुकड्यांना नोड म्हणावे लागले. हा घोळ बरीच वर्षे टिकला.

२००५मध्ये ‘स्पार्समेम’ आले. ते पत्त्यांचे ठरावीक मापाचे विभाग पाडते (एक्स८६-६४वर १२८ मेगाबाइटचे) आणि ज्या विभागात रॅम आहे त्याचीच वही उघडते. यंत्र चालू असताना रॅम जोडणे-काढणेही यामुळे सोपे झाले. पुढची ‘व्हीमेममॅप’ युक्ती जास्त देखणी आहे : आभासी पत्त्यांत (खऱ्या रॅमवर मागाहून जोडल्या जाणाऱ्या पत्त्यांत) वही सलगच दिसते, खरा कागद मात्र रॅम असलेल्या विभागांनाच लावलेला असतो. त्यामुळे नोंद पुन्हा साध्या बेरजेने सापडते. रॅम कुठे आहे हे प्रत्येक आर्किटेक्चरचा (प्रोसेसर-घराण्याचा) कोड बूट होताना सांगतो. पुढचे काम सामायिक कोड करतो. डिस्कंटिगमेम २०२१मध्ये, ५.१४ आवृत्तीत, काढून टाकले.

पोकळी पाहायला जूनो बोर्ड लागत नाही. सोलापुरातल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमधला ८ गिगाबाइटचा लिनक्स पीसीही चालेल. त्याची ‘/प्रॉक/आयओमेम’ (/proc/iomem) फाइल रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होऊन उघडावी. एरवी सगळे पत्ते शून्यच दिसतात. ४ गिगाबाइटच्या अलीकडचा पट्टा पीसीआय उपकरणांनी (ग्राफिक्स, नेटवर्क कार्डांसारख्या) अडवलेला असतो आणि ‘सिस्टम रॅम’ची पुढची ओळ हेक्समधल्या (सोळा-आधारी अंकपद्धतीतल्या) एकावर आठ शून्यांपासून, म्हणजे ४ गिगाबाइटपासून, सुरू होते.