खाऱ्या वाऱ्यातली टाकी आणि चुना-सुरखी

वडोदऱ्यात दांडिया बाजाराकडच्या जुन्या वाड्यांतून हिंडलं की चुन्याच्या भिंतींवर सिमेंटची ठिगळं दिसतात. काही पावसाळ्यांनी ती सुटतात आणि जाताना शेजारच्या विटेचा पापुद्राही सोबत नेतात. दोष गवंड्याच्या हाताचा नसतो. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटचा कडक थर ती आत कोंडतो. ओलीबरोबर आलेले क्षार मग विटेच्या आतच स्फटिक होऊन फुगतात.

समुद्राने वेढलेल्या बेटांवर असल्या दुरुस्तीची किंमत फार मोठी असते. लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांवर नदी नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्याहून हलकं असल्याने त्यावर तरंगत राहतं. भूजलाची पातळी समुद्राच्या १ मीटर वर असेल, तर समुद्रपातळीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं, असा ढोबळ हिशेब आहे. तो उलटाही लागू पडतो: उपशाने पातळी थोडी उतरली, की खालचं खारं पाणी कितीतरी पटींनी वर सरकतं. छपराचं पाणी साठवणारी टाकी गळायला लागली, की सगळा भार विहिरीवर येतो. म्हणून टाकीची डागडुजी हे विहीर वाचवण्याचंही काम आहे.

बेटावर काँक्रीटची टाकी फुटते ती बहुधा आतल्या सळईमुळे. खाऱ्या हवेतले, किंवा न धुतलेल्या किनाऱ्याच्या वाळूतले क्लोराइड सळईपर्यंत पोचतात. गंजलेलं लोखंड मूळच्या दुप्पट ते सहापट जागा मागतं आणि काँक्रीट आतून उकलतं. वरून कितीही गिलावा मारा, आतला गंज थांबत नाही.

इथे आपली जुनी सुरखी पुन्हा कामाला येते. भाजलेल्या विटेची पूड चुन्यात मिसळली, की तिच्यातली सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि मसाला पाण्याखालीही घट्ट होतो. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसवर भाजली जाते, सिमेंटची भट्टी १४५० अंशांपर्यंत जाते; म्हणजे चुन्याला कमी आच पुरते. चुन्याचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो: बारीक भेगेत पाणी शिरलं, की थोडा चुना विरघळतो आणि तिथेच पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो. केसाएवढी भेग अशी आपोआप बुजते.

सुरखीमागचं रसायनशास्त्र नव्या रूपात क्यूबा या बेटावरच पुढे आलं. तिथले आणि स्वित्झर्लंडमधले संशोधक भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी घालून सिमेंटमधला क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारे सिमेंटचे मूळ खडे, निम्म्यावर आणतात. आपल्या आयआयटींनीही त्यावर काम केलं आहे. माती ७०० ते ८५० अंशांवर भाजते, कार्बन उत्सर्जन सुमारे ३० ते ४० टक्क्यांनी घटतं आणि क्लोराइडला आत शिरणं अवघड जातं. बेटासाठी हा शेवटचा गुण सर्वांत मोठा.

मात्र स्थानिक आणि नैसर्गिक म्हणून काहीही वापरून चालत नाही. थायलंडमध्ये सळईऐवजी बांबू घातलेल्या टाक्या बांधल्या गेल्या. सिमेंटच्या आत बांबू कुजला. चुन्यासाठी जिवंत प्रवाळ फोडणं तर बेटाचा बांधच फोडणं आहे. टाकून दिलेले शिंपले भाजून मिळालेला चुना त्यापेक्षा कितीतरी बरा. दाबाच्या नळांना चुना उपयोगाचा नाही, तिथे प्लास्टिकचेच नळ टिकतात.

गुजरातेत अजून काही जुन्या घरांखाली पावसाच्या पाण्याचं टांकं आहे. ते दुरुस्त करायचं असेल तर सैल झालेला मसाला खरवडून काढावा, दरजा धुऊन ओल्या ठेवाव्यात आणि चुना-सुरखीचे पातळ थर एकावर एक द्यावेत, प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली ठेवून. घाई केली तर थर तडकतात. टांकं पहिल्यांदा भरलं, की ते पाणी क्षारधर्मी होतं. ते उपसून टाकावं आणि पुढच्या भरणीचं पाणी तपासून मगच प्यायला घ्यावं.