पायथन २ ते ३: ‘एसटीआर’ या नावाचा गुंता

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्ती २ मधला कोड ३ वर नेताना आधी आठवतो तो ‘प्रिंट’ या आदेशाला नव्याने लागणारा कंस. खरं तर तो सगळ्यात सोपा भाग. कंस नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही, चूक ओळीच्या क्रमांकासकट दिसते आणि ‘टू-टू-थ्री’ हे रूपांतराचं साधन ती लगेच दुरुस्त करतं. खरं दुखणं मजकुराचं होतं आणि देवनागरीत काम करणाऱ्यांना त्याचा त्रास पदोपदी झाला.

ऑक्टोबर २००० मध्ये पायथन २.० बरोबर युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, आलं, पण मजकूर ठेवायच्या जुन्या ‘एसटीआर’ (स्ट्रिंग) या प्रकाराला हात न लावता. त्यामुळे पायथन २ मध्ये ‘एसटीआर’ म्हणजे नुसते बाइट आणि अक्षरांसाठी ‘युनिकोड’ हा वेगळा प्रकार. ३ डिसेंबर २००८ ला ३.० आलं तेव्हा ‘एसटीआर’ हे नाव अक्षरांना मिळालं आणि बाइटांसाठी ‘बाइट्स’ हा निराळा प्रकार झाला. नाव तेच, अर्थ दुसरा. जुन्या कोडमध्ये ‘एसटीआर’ दिसलं की लिहिणाऱ्याच्या मनात मजकूर होता की फाइलमधले कच्चे बाइट, हे साधनाला कळत नाही. तिथे माणसालाच ओळ न् ओळ वाचावी लागते.

‘मराठी’ हाच शब्द घ्या. यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत साठवायची एक पद्धत) फाइलमध्ये तो साध्या अवतरणात लिहून लांबी विचारली, तर पायथन २ सांगायचं १५. म, र, काना, ठ, वेलांटी अशी ५ चिन्हं, प्रत्येकाचे ३ बाइट. पायथन ३ सांगतं ५. रकान्यात बसवायला हा शब्द पहिल्या दहावर कापला, की पायथन २ मध्ये ‘मरा’ आणि पुढे ठ चा एक तृतीयांश तुकडा उरायचा.

त्याहून घातक म्हणजे बाइट आणि युनिकोड जोडताना पायथन २ न विचारता अ‍ॅस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरांपुरती जुनी पद्धत, धरून चालायचं. नावं इंग्रजीत असेपर्यंत सगळं सुरळीत. पहिलं देवनागरी नाव आलं की ‘ई०’ बाइट वाचता येत नाही म्हणून प्रोग्रॅम कोसळायचा. हा ‘ई०’ म्हणजे देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट. चाचणीत सापडत नसलेला हा दोष थेट वापरणाऱ्याच्या माथी यायचा. पायथन ३ अशी जोडणी सरळ नाकारतं. केवळ एवढ्यासाठीसुद्धा जुन्याशी नातं तोडणं मला योग्य वाटतं.

पण ३.० मधला एक निर्णय मला आजही पटत नाही. मजकूर युनिकोड आहे हे सांगणारा अवतरणाआधीचा ‘यू’ काढून टाकला गेला. सगळा मजकूर आता युनिकोडच, मग खूण कशाला, हा तर्क बरोबर होता. शिक्षा मात्र नेमकी त्यांना झाली, ज्यांनी जुन्या आवृत्तीतही काळजीने ‘यू’ लावून लिहिलं होतं. त्यांचा कोड ३ वर वाक्यरचनेच्या चुकीनेच अडायचा. सगळे एकदा साधन चालवतील आणि पुढे जातील, असं गृहीत धरलेलं होतं. लायब्ररी (इतरांनी वापरायचा तयार कोड) सांभाळणाऱ्यांना मात्र दोन्हीकडे चालणारा एकच कोड हवा होता. २०१० पासून ते ‘सिक्स’ या छोट्या लायब्ररीच्या आधाराने दोन्ही आवृत्त्या सांभाळू लागले. बऱ्याच वादानंतर २०१२ मध्ये, ३.३ बरोबर, ‘यू’ परत आला. बाइट्सवरचं टक्के-चिन्हाचं फॉरमॅटिंग, म्हणजे त्या चिन्हाच्या जागी मूल्य भरायची सोय, परतायला २०१५ उजाडलं.

भागाकाराचा बदल त्या मानाने छोटा, पण फसवा. पूर्णांकांत ७ भागिले २ आधी ३ यायचे, आता ३.५ येतात. साधन या चिन्हाला हात लावत नाही आणि बऱ्याचदा चूकही दिसत नाही, फक्त हिशेब बदलतो. म्हणून रूपांतराआधी जुन्या कोडची उत्तरं नोंदवून ठेवायला हवीत.

पायथन २ च्या २.७ या आवृत्तीचा आधार २०१५ मध्ये संपायचा होता, तो २०२० पर्यंत लांबला. शेवटची आवृत्ती, २.७.१८, एप्रिल २०२० मध्ये निघाली. ‘टू-टू-थ्री’सुद्धा २०२४ मध्ये ३.१३ मधून काढलं गेलं. आज कुणाच्या कपाटातून पायथन २ चा कोड निघाला, तर या साधनासाठी आधी ३.१२ किंवा त्याहून जुनी आवृत्ती बसवावी लागते.