जराराकाच्या विषापासून रक्तदाबाच्या गोळीपर्यंत

एनालाप्रिल, रॅमिप्रिल अशा ‘प्रिल’ने संपणाऱ्या नावांच्या ज्या गोळ्या आज रक्तदाबावर आणि हृदयाचे पंपिंग कमी झालेल्या रुग्णांना दिल्या जातात, त्यांचा उगम ब्राझीलमधील जराराका या विषारी सापाशी जोडलेला आहे. हा साप चावलेल्या माणसाचा रक्तदाब झपाट्याने कोसळू शकतो. साओ पावलो येथे १९४८ मध्ये मौरिसिओ रोशा ई सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, विष मिसळताच रक्तातच एक द्रव्य तयार होते आणि त्याच्या स्पर्शाने गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा सावकाश आकसत जातो. या मंद आकुंचनावरूनच त्याला ब्रॅडीकायनिन हे नाव मिळाले. रक्तवाहिन्या सैल करणे हे त्याचे काम.

पुढे १९६५ मध्ये सर्जिओ फरेरा यांनी त्याच विषातून ब्रॅडीकायनिनचा प्रभाव वाढवणारा अर्क वेगळा केला आणि तो घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे मिक बाखले यांनी कुत्र्याच्या फुप्फुसातील एका विकरावर, म्हणजे एन्झाइमवर, तो तपासला आणि विकराचे काम थंडावले. हे विकर, ज्याला डॉक्टर ‘एसीई’ म्हणतात, दोन कामे करते: रक्तवाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन-२ तयार करते आणि त्या सैल करणारे ब्रॅडीकायनिन मोडून टाकते. त्यामुळे ते एकच रोखले, तरी रक्तदाब दोन्ही बाजूंनी उतरतो.

विषातील घटकावरून बनवलेले टेप्रोटाइड मात्र प्रथिनाचाच तुकडा असल्याने पोटात पचून जाई. ते इंजेक्शनानेच द्यावे लागे. गोळी विषाने दिली नाही, ती विकराच्या रचनेच्या विचारातून आली, हे मला या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. स्क्विब कंपनीतील मिगेल ओंडेटी आणि डेव्हिड कुशमन यांनी विकराच्या खाचेत जस्ताचा अणू असणार हे ताडले, त्याला घट्ट धरणारा गंधकाचा अणू एका छोट्या रेणूला जोडला आणि १९७५ मध्ये कॅप्टोप्रिल तयार झाले. अमेरिकेत त्याला १९८१ मध्ये मान्यता मिळाली; १९८७ मध्ये हृदयाचे पंपिंग फारच कमी झालेल्या रुग्णांवरील चाचणीत एनालाप्रिलने मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे दिसले.

या गोळ्यांनी काही रुग्णांना जो कोरडा खोकला लागतो, त्यामागेही न मोडता साठून राहिलेले ब्रॅडीकायनिनच असल्याचे मानले जाते. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे; ते बहुधा टेल्मिसार्टनसारखे, या विकराला हात न लावता अँजिओटेन्सिनचा परिणाम अडवणारे औषध देतात.