पाय संपले, असं नक्की कोण सांगतं?

मुंबई मॅरेथॉनची फुल, म्हणजे पूर्ण ४२ किलोमीटर, ज्यांनी केलीये त्यांना पेडर रोडचा चढ वेगळा सांगायला नको. एरवी टॅक्सीतून जाताना तो जाणवतही नाही, पण पहाटेपासून तीसच्या वर किलोमीटर पळून झालेले असतात, जानेवारी असला तरी ऊन चढलेलं असतं, मांड्या दगडासारख्या झालेल्या असतात आणि अशा वेळी तो समोर येतो. माझ्या पहिल्या फुलला मी तिथे चालायला लागलो. डोक्यात एकच वाक्य, की आता पायांत काही उरलं नाही. तेवढ्यात बाजूच्या बिल्डिंगमधून खाली आलेल्या एका काकूंनी संत्र्याच्या फोडींचं ताट पुढे केलं, म्हणाल्या, "चलो बेटा, थोडा ही बाकी है," आणि फोड तोंडात टाकून मी परत पळायला लागलो.

त्या फोडीतली साखर पायांपर्यंत पोचायला अजून बराच वेळ होता. मग मिनिटापूर्वी संपलेले पाय पळायला लागले कसे? या प्रश्नाने मला नंतर खूप वाचायला लावलं.

आधी साखरेचंच घेऊ. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी ९ सायकलपटूंना साधारण तासाभराच्या टाइम ट्रायलमध्ये (ठरलेलं काम कमीत कमी वेळात संपवायचं) कार्बोहायड्रेटच्या पाण्याने नुसत्या चुळा भरायला लावल्या, गिळायचं नाही, थुंकून टाकायचं. तरी त्यांचा वेळ जवळपास ३ टक्क्यांनी सुधारला. पोटात काहीच गेलं नव्हतं, तोंडाने मेंदूला नुसती बातमी दिली की खाणं येतंय, आणि तेवढ्यावर मेंदूने हात सैल सोडला.

दुसरा प्रयोग मला अजून जास्त महत्त्वाचा वाटतो. वेल्समधल्या बँगर विद्यापीठात सॅम्युएले मार्कोरा आणि वॉल्टर स्टायानो यांनी रग्बी खेळणाऱ्या १० जणांना व्यायामाच्या सायकलवर बसवलं आणि २४२ वॉटची ताकद लावत जमेल तेवढा वेळ चालवायला सांगितलं. साधारण दहा मिनिटांनी एकेक जण थांबला, आता अजिबात होत नाही म्हणून. आणि थांबल्या थांबल्या लगेच सांगितलं, आता फक्त ५ सेकंद सगळा जोर लाव. ज्या पायांना २४२ वॉट जमत नव्हते त्यांनी सरासरी ७३१ वॉट काढून दाखवले! ताजेतवाने असताना हाच आकडा १०७५ च्या आसपास होता, म्हणजे पाय दमलेले होते हे खरं, पण संपलेले नव्हते. २०१० मध्ये हे छापून आलं तेव्हा त्यावर वादही झाले (५ सेकंदांचा जोर आणि दहा मिनिटांचा दम ही एकच गोष्ट नाही असं काहींचं म्हणणं, आणि त्यातही तथ्य आहे), पण मार्कोरांचा मुद्दा साधा आहे, की माणूस थांबतो तो "किती जड जातंय" या जाणिवेमुळे थांबतो, आणि ही जाणीव मेंदूत तयार होते.

बाय द वे, पाय जळजळण्याबद्दल आणि दुखण्याबद्दल लॅक्टिक ॲसिडला (म्हणजे लॅक्टेटला) अजूनही फुकट शिव्या पडतात. पळून झाल्यावर तासाभरात लॅक्टेट रक्तातून बहुतेक साफ झालेलं असतं, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे ठणकतं त्याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि पळताना तर स्नायू तेच इंधन म्हणून जाळतात.

आता जाणीवच जर मेंदूत तयार होत असेल तर तिच्याशी बोलता यायला हवं ना? २०१४ मध्ये बँगरच्याच अँथनी ब्लँचफील्ड आणि मंडळींनी हे करून बघितलं. २४ जण, सायकलवर थकून थांबेपर्यंतची टेस्ट, मग त्यातल्या अर्ध्यांना दोन आठवडे स्वतःशी बोलायचा सराव दिला. सुरुवातीसाठी आणि मधल्या टप्प्यासाठी वेगळी वाक्यं, अगदी शेवटी जीव नकोसा होतो तेव्हाची वेगळी, स्वतः निवडून, वहीत लिहून, ट्रेनिंगमध्ये वापरून बघून. परत टेस्ट घेतली तर ते सरासरी ६३७ सेकंदांवरून ७५१ सेकंदांवर गेले, म्हणजे १८ टक्के जास्त, आणि मधल्या टप्प्यात तेवढंच काम त्यांना आधीपेक्षा हलकं वाटत होतं. पाय तेच, सायकल तीच. दुसऱ्या गटात काहीच फरक नाही.

पुढे २०१९ मध्ये जेम्स हार्डी वगैरेंनी अजून एक बारीक गोष्ट तपासली, की "मला जमतंय" म्हणायचं की "तुला जमतंय"? १० किलोमीटरच्या सायकल टाइम ट्रायलमध्ये स्वतःला "तू" म्हणणारी खेप २ टक्क्यांहून थोडी जास्त फास्ट निघाली. मला हे वाचून फार बरं वाटलं कारण आपल्याकडे हे आपोआप होतं, चढावर आपण स्वतःला "चल रे, उचल पाय" असंच म्हणतो. माझी वाक्यं आता ठरलेली आहेत, पहिल्या वीस किलोमीटरला "हळू, अजून हळू" आणि तीस किलोमीटरच्या पुढे "जमतंय तुला, पुढचा खांब". ही वाक्यं इंग्लिशमध्ये असायची गरज नाही, लहानपणी ज्या भाषेत कुणीतरी आपल्याला धीर दिलाय ती भाषा तीस किलोमीटरनंतर जास्त कामाला येते, हा माझा अनुभव.

खांबाचं असं, की डोक्याला "अजून ९ किलोमीटर" सांगितलं की ते लगेच नाही म्हणतं, "त्या खांबापर्यंत" सांगितलं की हो म्हणतं. ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ मॅरेथॉनमध्ये आकडे मोजायची, तीनदा शंभरपर्यंत मोजलं की साधारण एक मैल होतो हा तिचा हिशोब. २००३ मध्ये लंडनला तिने २:१५:२५ चा वर्ल्ड रेकॉर्ड केला आणि तो १६ वर्षं टिकला, म्हणजे हे फक्त नवशिक्यांसाठी नाही.

लक्ष दुसरीकडे वळवा, गाणी ऐका, हा सल्ला मात्र मला अर्धाच पटतो. सोप्या लाँग रनला ठीक आहे. पण विल्यम मॉर्गन आणि मायकल पोलॉक यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं की अव्वल मॅरेथॉनपटू रेसमध्ये उलट स्वतःच्या शरीराकडेच बघत असतात, श्वास कसा चाललाय, खांदे आखडलेत का, पाय कसा पडतोय. दुखण्याची बातमी ते ऐकतात आणि तिच्यावरून पेस, म्हणजे पळायचा वेग, ठरवतात. म्हणून मीही दर पाणी पॉइंटला जबडा सैल आहे का, मुठी वळल्यात का, एवढं बघतो. बऱ्याचदा मुठी घट्ट वळलेल्या असतात, त्या उघडल्या की खांदे खाली येतात आणि पुढची पाचेक मिनिटं खरंच सोपी जातात.

अजून एक गोष्ट, रेसच्या आदल्या दिवशी डोकं शिणवू नका. मार्कोरांच्या २००९ च्या प्रयोगात ज्यांनी आधी ९० मिनिटं कॉम्प्युटरवर लक्ष देऊन करायचं किचकट काम केलं ते सायकलवर ६४० सेकंदांत थांबले, आणि ज्यांनी तेवढाच वेळ साधी डॉक्युमेंटरी बघितली ते ७५४ सेकंद टिकले. हृदय, रक्तातलं लॅक्टेट वगैरे यातून काही खुलासा झाला नाही, फक्त जड लवकर वाटायला लागलं. ऑफिसमधून रात्री दहाला निघून पहाटे स्टार्ट लाइनला उभं राहणाऱ्यांनी हे मनावर घ्याच.

पण हे सगळं वाचून कुणी वेदनेला शत्रू समजायला लागलं तर मला वाईट वाटेल. अमेरिकेत मार्कस अमान आणि सहकाऱ्यांनी सायकलपटूंच्या पाठीच्या कण्यात फेंटानिल हे जबरदस्त वेदनाशामक देऊन पायांकडून मेंदूकडे जाणारे संदेशच दाबून टाकले आणि ५ किलोमीटरची टाइम ट्रायल घेतली. पठ्ठे सुरुवातीला सुसाट सुटले, दुसऱ्या अर्ध्यात ढेपाळले, एकूण वेळ काही सुधारला नाही, आणि शेवटी काहींना धड चालताही येईना. दुखण्याची खबर बंद झाली की पेसही कळेनासा होतो. म्हणून रेसमध्ये पेनकिलर घेऊन पळणं मला अजिबात मान्य नाही, घाम गेलेल्या शरीरात आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीवर ताण आणतात ते वेगळंच.

दोन्ही मांड्या भरून आल्यात, जळजळतंय, दम लागलाय, तर त्याच्याशी बोलता येतं. पण दुखणं एका बोटाने दाखवता येत असेल, एकाच पायात असेल, आणि त्यामुळे पाऊल तिरकं पडायला लागलं असेल तर तिथे कुठलंच वाक्य वापरायचं नाही. छातीत दुखणं, चक्कर, उन्हात बरळायला होणं, यात तर एक पाऊलही पुढे नाही, सरळ मदत मागायची. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट उतरताना माझ्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुई टोचल्यासारखं झालं, दोन वळणं मी "जमतंय तुला" म्हणत काढली, तिसऱ्या वळणावर लंगडतोय हे कळलं तेव्हा कठड्यावर बसलो, बिब (छातीवरचा नंबर) काढला आणि मागून येणाऱ्या ॲम्ब्युलन्सला हात केला.