‘फक्त लिहायचं राहिलंय’

“मॅडम, डाटा गोळा झालाय सगळा. आता फक्त लिहायचं राहिलंय. पंधरा दिवसांत देतो बघा.”

कोल्हापुरात मानसशास्त्राचे प्रोजेक्ट गाईड करणाऱ्या माझ्यासारखीला हे वाक्य फेब्रुवारी संपता संपता हमखास ऐकायला मिळतं. बोलणारी मुलगी खोटं बोलत नसते आणि आळशी तर मुळीच नसते. कागलहून सकाळची पहिली एसटी पकडून लायब्ररी उघडायच्या आधी दारात उभी राहणारी मुलगी ती. त्या पंधरा दिवसांवर तिचा मनापासून विश्वास असतो. मला कुतूहल आहे ते या विश्वासाचं.

नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं. त्यातल्या प्रबंधाला १२ क्रेडिट असतात. शाळेपासून ‘परीक्षेच्या आदल्या रात्री’ या हिशेबावर तरून आलेल्या मुलांसमोर पहिल्यांदाच असं काम येतं, जे एका रात्रीत उरकत नाही.

त्या ‘फक्त’मध्ये काय काय असतं? समजा १२० जणांनी प्रश्नावली भरली आणि तिच्यात ३० विधानं आहेत. म्हणजे ३,६०० आकडे एकेक करून एक्सेलमध्ये टाकायचे. काहींनी मागचं पान उलटलेलंच नसतं, त्यांचं काय करायचं ते ठरवायचं. शिवाय काही विधानं मुद्दाम उलटी घातलेली असतात. ताण मोजणाऱ्या प्रश्नावलीत ‘मी सहसा निवांत असतो’ या विधानापुढे कुणी १ ते ५ पैकी ५ वर (म्हणजे ‘पूर्ण सहमत’) खूण केली, तर बेरजेत तो १ धरायचा. गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी हे विसरली. सगळे तक्ते तयार झाले, निकालाचं प्रकरण अर्धं लिहून झालं आणि रात्री साडेअकराला तिचा फोन आला.

“मॅडम, ताणाचा झोपेशी काही संबंधच निघत नाही.”

“उलटी विधानं फिरवलीस काय गं?”

पलीकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. सुलटी आणि उलटी विधानं एकाच बेरजेत गेल्यामुळे त्यांनी एकमेकांना खाऊन टाकलं होतं. चूक दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली, पण तिच्यावर उभं राहिलेलं सगळं लिखाण पुन्हा करण्यात सहा दिवस गेले. हे सहा दिवस तिच्या पंधरा दिवसांच्या हिशेबात कुठेच नव्हते, आणि आधी दिसण्याची सोयही नव्हती.

मानसशास्त्राने हा प्रश्न थेट मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांवरच तपासून पाहिला आहे. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस या संशोधकांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑनर्सचा प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, तुमचं काम किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळं मनासारखं झालं तर? २७.४ दिवस. आणि जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. स्वतः सांगितलेल्या मुदतीत जेमतेम ३० टक्के विद्यार्थ्यांचं काम झालं. मला यातला सगळ्यात बोलका आकडा वाटतो तो ४८.६. वाईटात वाईट कल्पना करा असं बजावून सांगितलं, तरी त्यांची कल्पना वास्तवाच्या आठवडाभर अलीकडेच थांबली.

डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ म्हटलं होतं. आपण तिला नियोजनातली गफलत म्हणू. अंदाज बांधताना मन कामाची एक गोष्ट रचतं: आधी हे करीन, मग ते, मग बायंडिंग. त्या गोष्टीत ताप येत नाही, लॅपटॉप बंद पडत नाही, गाईड चार दिवस परगावी जात नाही. यातलं एकेक विघ्न तसं दुर्मीळच, पण सगळी मिळून एखादं तरी येण्याची शक्यता मोठी असते. मागच्या वेळी उशीर झाला होता हे आठवत नाही असं नाही. पण ‘तेव्हा घरात लग्न होतं’ म्हणून मन तो अनुभव बाजूला ठेवतं.

दुसऱ्याच्या कामाचा अंदाज मात्र आपण इतका गुलाबी बांधत नाही. त्याच संशोधनमालेत तेही दिसलं. आमच्या भागात उसाच्या तोडीचं बघा. शेजाऱ्याच्या उसाला टोळी कधी येणार हे शेतकरी बरोबर सांगतो, कारण गेल्या पाच हंगामांचा अनुभव त्याच्यासमोर असतो. स्वतःच्या फडाचा विषय निघाला, की “पुढच्या आठवड्यात येणार म्हणालाय मुकादम.”

मुलं आणखी एक गोष्ट सांगतात: “मॅडम, प्रेशर आल्याशिवाय माझं कामच होत नाही.” यात अर्धं तथ्य आहे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांना विजेचे सौम्य-तीव्र धक्के देऊन शिकवून पाहिलं. सोपा फरक ओळखायचा असेल तर जोराच्या धक्क्याने उंदीर लवकर शिकले. फरक सूक्ष्म असला की तोच जोर आड आला. उंदरांवरून माणसांबद्दल बोलताना जपून बोलावं, पण माझ्या विद्यार्थ्यांत मला हेच दिसतं. संदर्भसूची लावणं, पानांना क्रमांक देणं ही कामं शेवटच्या रात्रीही उरकतात. ‘माझ्या निष्कर्षांचा अर्थ काय’ हे चर्चेचं प्रकरण मात्र त्या रात्री कोरडंच उतरतं. ताण अनावर झाला, की एकाच वेळी चार मुद्दे डोक्यात धरून ठेवणारी कार्यकारी स्मृती आधी ढेपाळते. डायॅन टाईस आणि रॉय बाउमायस्टर यांच्या १९९७ च्या अभ्यासातले चालढकल करणारे विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला इतरांपेक्षा निवांत होते. सत्र संपताना त्यांचा ताण आणि दुखणी जास्त निघाली, गुणही कमी पडले.

म्हणून आता कुणी ‘फक्त’ म्हटलं, की मी कोरा कागद पुढे करते आणि त्यातली कामं एकेक करून लिहायला लावते. जस्टिन क्रूगर आणि मॅट इव्हान्स यांनी २००४ मध्ये दाखवलं आहे, की काम असं सुटं केलं की अंदाज वास्तवाच्या जवळ सरकतो. प्रत्येक कामापुढे वार, वेळ आणि जागाही लिहायची. ‘या आठवड्यात तक्ते’ चालणार नाही; ‘मंगळवारी दुपारी दोनला, लायब्ररीत खिडकीजवळ’ असं हवं. पीटर गोलविट्झर यांच्या प्रयोगांत असं कधी-कुठे ठरवणाऱ्यांची कामं इतरांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात पार पडली.

यंदाच्या मुलीला मी आणखी एक काम सांगितलं. तुझ्या रूम पार्टनरला विचार, तुला किती दिवस लागतील. दुसऱ्या दिवशी ती जरा फुगूनच आली. “दीड महिना म्हणतीया ती!” मी दीड महिनाच लिहून घेतला आणि तिला राजारामपुरीत बायंडिंगवाल्या काकांकडे दर विचारायला पाठवलं. दराआधी काकांनी सबमिशनची तारीख विचारली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाले, “आदल्या दिवशी येऊ नको बाळ, त्या दिवशी इथं रस्त्यापर्यंत लाईन असती. चार दिवस आधीचं नाव लिहून ठेवू काय तुझं?”

तिने लिहायला सांगितलं.